कुशीवरच्या नाड्या

अन्नम्मा सिस्टरनं माझ्या मशिनवर एक झगा टाकला आणि विचारलं, "टेलरबाई, हे तुम्ही शिवलं?"

मी झगा उलटा करून पाहिला. गळ्याच्या आत मी घालायची तो लाल दोऱ्याचा टाका होता. म्हणजे झगा माझाच. पण उजव्या कुशीची शिवण कुणीतरी काखेपासून कमरेपर्यंत उसवली होती. दोन्ही कडा दुमडून एकावर एक घेतल्या होत्या आणि चार लहान नाड्या लावल्या होत्या. कमरेच्या वर चार बोटांवर काजासारखा एक काप होता. त्याच्या कडेला मऊ पांढऱ्या कापडाची पट्टी. पाठीचा उघडा भाग मात्र शिवून बंद करून टाकला होता. सगळं हातशिवणीचं. टाके इतके बारीक की नखानं मोजावे लागले.

"झगा माझा आहे," मी म्हणाले. "शिवण माझी नाही."

"मग कोणाची?"

"दवाखान्यात शिवणारी मी एकटीच."

सिस्टरनी कापात बोट घालून पाहिलं. केरळच्या होत्या, बोलायच्या कमी. मग म्हणाल्या, "ज्या पेशंटच्या अंगात होता, त्याची ऑपरेशनची नळी उजवीकडेच आहे. बरोब्बर या कापासमोर."

तेव्हा लातूर नवा जिल्हा झाला होता. गावात रोज एक नवं ऑफिस उघडायचं, जुन्या पाटीवर नवी पाटी चढायची. त्यात दुष्काळ. टँकर आला तर ऑपरेशन, नाही आला तर उद्या, अशी गत. आमचा दवाखाना एका धर्मादाय ट्रस्टचा होता. आता तो तिथं नाही, म्हणून नाव सांगत नाही. मी नांदेडला कटिंग-टेलरिंगचा कोर्स करून नुकतीच लागले होते, तीही टेंपररी. माहेर बिलोलीकडचं. काम म्हणजे चादरी, पडदे, ऑपरेशन थिएटरची कापडं आणि पेशंटचे झगे. कागदावर त्याला पेशंट गाऊन म्हणायचे, वॉर्डात झगा.

झग्याचा नमुना ट्रस्टच्या मुंबईच्या ऑफिसातून आलेला. पुढून बंद, पाठीमागून वरपासून खालपर्यंत उघडा, तीन नाड्या. नमुना करणाऱ्यानं डॉक्टरची सोय बघितली असेल. पेशंटची बघितलेली नव्हती. खेड्यातल्या बायका पाठ उघडी पडते म्हणून भिंतीला टेकून बसायच्या, उठायच्या नाहीत. गाठी पाठीखाली रुतायच्या. पोटाचा टाका बघायचा तर सगळा झगा वर करावा लागे. मी दोनदा डॉक्टरसाहेबांना म्हटलं होतं, नमुना बदलू द्या. आमचे सर्जन तेच आणि दवाखान्याचे मुख्यही तेच. त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं, "वरून आलाय तसा शिवा."

आता कुणीतरी तो बदलला होता. आणि चांगला बदलला होता, हे मला झगा हातात घेतल्याबरोबर कळलं.

मी वॉर्डात गेले. पेशंट जळकोटकडचा, वयस्कर माणूस. पित्ताचे खडे काढलेले. त्याला विचारलं, "काका, हा झगा तुम्हाला कुणी दिला?"

"एक बाई आली व्हती दुपारी. पांढऱ्या लुगड्यातली. उशाशी ठिवला अन् गेली."

"काही बोलली का?"

"काई न्हाई. निस्ती माझ्या कुशीकडं बघून राहिली लई येळ."

आमच्या दवाखान्यात पांढऱ्या लुगड्यातली कोणी बाई कामाला नव्हती. आया निळ्या साडीत, सिस्टर पांढऱ्या फ्रॉकमध्ये.

चार दिवसांनी दुसरा झगा निघाला. या वेळी काप डावीकडं. तो अशा माणसाच्या खाटेवर ठेवला होता ज्याचं डाव्या मूत्रपिंडाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. व्हायचं होतं, झालं नव्हतं. नळी अजून बसवलेली नव्हती, तिची जागा आधीच कापून तयार होती.

तो माणूस ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेला. त्याची किडनी आधीच खराब होती, हे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. पण वॉर्डाला वेगळंच कळलं. शेवंताबाई आमची जुनी आया. ती माझ्या खोलीत येऊन दाराला टेकून बसली.

"टेलरबाई, तुमच्या आधी हितं एक शिवणारी व्हती. गंगाबाई. ह्याच खोलीत मशिनवर बसल्या बसल्या गेली. तिला पांढरंच लुगडं असायचं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगंल? तुमी आल्या नसत्या." तिनं मशिनकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "ती ज्याच्यासाठी शिवती, त्याला घिऊन जाती म्हणून राहिले लोक."

"जळकोटचे काका तर बरे होऊन घरी गेले."

"घरी गेले. पुढचं कुणाला म्हाईत?"

आम्ही बौद्ध. भुताखेतावर विश्वास ठेवायचा नाही, हे घरातलं वळण. माझे वडील विहारात पोरांना बसवून तेच समजावून सांगायचे. पण त्या दिवसापासून मी मशिनवर बसताना स्टूल दाराकडं तोंड करून ठेवायला लागले, हे खरं आहे. दुपारी तर फार वाईट. खिडक्यांना पोतं लावलेलं. पूर्वी त्यावर पाणी मारायचे, आता पिण्यालाच पाणी नव्हतं. कोरड्या पोत्यातून तपकिरी उजेड यायचा. सगळा दवाखाना एक ते चार निपचित पडायचा. अशा वेळी वरच्या बाजूला, छतावर, कुणीतरी अनवाणी चालल्यासारखं वाटे. चार पावलं. थांबणं. पुन्हा चार पावलं.

तिसरा झगा रुक्मिणच्या खाटेवर सापडला.

रुक्मिण जळकोटजवळच्या एका वस्तीवरची. बाविसेक वर्षांची, पदरात दोन लेकरं. तिच्या पित्ताच्या पिशवीत पू झाला होता, अंगात सणसणून ताप. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, पण टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. सकाळी तिनं डोळे उघडले तर पायथ्याशी घडी केलेला झगा. उजवीकडं काप. तिनं शेवंताबाईकडं पाहिलं, शेवंताबाईनं तोंडाला पदर लावला. बास. रुक्मिण म्हणाली, मला घरी न्या. तिचा नवराही गाडी बघायला निघाला.

डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर तिन्ही झगे.

"तुम्ही मला दोनदा नमुना बदलू द्या म्हणालात. मी नाही म्हणालो. आता हे निघतंय. मी काय समजू?"

"साहेब, ही माझी शिवण नाही. मशिनचा एक टाका नाही यात."

"हातानंही शिवता येतं."

"येतं. पण मी चोरून का शिवेन? आणि खाटेवर नेऊन का ठेवेन?"

"ते मला माहीत नाही. ती मुलगी आज गेली तर वाटेत मरेल. उद्या सकाळी टँकर येईल. तोवर हे काय आहे ते मला कळलं पाहिजे. नाहीतर तुम्ही परवापासून येऊ नका."

मी खोलीत येऊन विचार करत बसले. भीती होतीच. पण नोकरी जायची भीती जास्त होती, आणि त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नव्हता.

झगे मोजले. माझ्याकडं साठ झगे होते. महिन्यापासून एकोणसाठच भरत होते, मी समजत होते की धोब्याकडं राहिला असेल. मग झग्यांची वाट डोक्यात काढली. माझ्या खोलीतून वॉर्ड. वॉर्डातून धोबी. धोबी गावाबाहेरच्या विहिरीवर धुवायचा आणि ओलेच गाठोड्यात बांधून आणायचा, कारण तिकडं वाळत घातले की धुळीनं माखायचे. वाळायचे ते दवाखान्याच्या गच्चीवर. संध्याकाळी शेवंताबाई काढून आणायची. म्हणजे सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत झगे गच्चीवर एकटे असायचे. त्या उन्हात वर कोणी फिरकत नसे.

पावलं मला छतावरच ऐकू यायची.

त्याच दुपारी दोनला मी जिना चढले. अन्नम्मा सिस्टरना सांगून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

गच्चीवर डोळे उघडत नव्हते. वाऱ्याचा मागमूस नाही. आठ दोऱ्यांवर झगे लटकत होते, बाह्या पसरून. विहिरीचं पाणी खारं, त्यानं कापड पापडासारखं कडक व्हायचं, त्यामुळं ते लोंबत नव्हते, उभे होते. माणसांच्या रांगा असाव्यात आणि त्यांना डोकी नसावीत, तसे. मी पहिल्या रांगेतून वाकून गेले, दुसऱ्या रांगेतून गेले. एकही झगा हलला नाही.

पाचव्या रांगेत एका झग्याखाली दोन पाय होते.

पाय म्हातारे होते, टाचा फुटलेल्या, त्यात चुन्यासारखी धूळ भरलेली. मला मागं फिरायचं होतं, पण फिरलं तर पाठ तिच्याकडं होणार, म्हणून फिरता येईना. मग झग्याच्या आतून सुईचा आवाज आला. कडक कापडातून दोरा ओढला की येतो तसा. तो आवाज मी रोज ऐकते. मेलेल्या माणसाला दोरा ओढावा लागत नसेल, असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी झगा बाजूला केला.

पांढऱ्या लुगड्यातली एक बाई. कपाळावर भस्माची तीन बोटं. दोरीवरच्या झग्याची कूस तिनं अर्धी उसवली होती आणि उभ्यानंच शिवत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, दचकली नाही.

"धर," ती म्हणाली आणि कापडाची कड माझ्या हातात दिली. मी धरली.

तिचं नाव नागव्वा. उदगीरच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेवरची, लिंगायत. तिचा एकुलता मुलगा शरणू आमच्याच वॉर्डात होता, मी नोकरीला लागायच्या काही दिवस आधी. त्याच्याही पित्ताचं ऑपरेशन झालं होतं. तो आठव्या दिवशी गेला. गावाकडं माती दिली आणि पाच दिवसांनी नागव्वा चालत-एस.टी.नं परत आली. दवाखान्याच्या मागं नातेवाइकांना चुली मांडायला पत्र्याची शेड होती, तिथं राहिली. दहा घरच्या बायका तिथं भाकरी भाजायच्या, कोणाची कोण हे कोणी विचारत नसे. कोणी तिला भाकरी द्यायचं. ती त्यांना विचारायची, तुमच्या माणसाला कुठं दुखतं? उजवीकडं की डावीकडं? म्हणून तिला ऑपरेशनच्या आधीच बाजू माहीत असायची. यात जादू काही नव्हती.

हे सगळं तिनं मला एका दमात सांगितलं नाही. गच्चीवर ती एवढंच म्हणाली, "ही गाठ हितं येऊ नये. नळी हितनं निघती."

मला नीट कळलं नाही. तिला ते दिसलं. ती मला हाताला धरून जिन्यातून खाली माझ्या खोलीत घेऊन आली. तिच्या लुगड्याखाली एक झगा होता. आमचाच, साठावा. पाठीवर तीन नाड्यांचा, जुन्या नमुन्याचा. तिनं तो काढला आणि मला दिला. "घाल," म्हणाली.

मी ब्लाउज-परकरावर तो झगा घातला आणि कटिंगच्या टेबलावर आडवी झाले. आजही मला सांगता येत नाही मी का ऐकलं. झगा तिच्या अंगावरचा होता पण गार होता. तिनं माझ्या मशिनवरून टेपचा तुकडा घेतला, माझ्या उजव्या कुशीला ब्लाउजवर पिननं लावला, पाठीमागच्या फटीतून बाहेर काढला आणि नाड्या बांधल्या. टेपचं टोक टेबलाच्या पायाला.

पित्ताचं ऑपरेशन केलं की आत एक बारीक रबरी नळी ठेवतात. साचलेलं पित्त त्या वाटेनं बाटलीत उतरतं. ती नळी दहा-बारा दिवस हलता कामा नये. वेळेआधी निघाली तर पित्त पोटात सांडतं आणि माणूस वाचणं कठीण. पुढून बंद असलेल्या झग्यात ती नळी पाठीच्या फटीतूनच बाहेर काढावी लागायची.

नागव्वानं माझ्या केसांवरून हात फिरवला. "मगा, वळ," ती म्हणाली. मगा म्हणजे कानडीत लेकरू. "वळ शरणू. ह्या कुशीला वळ."

मी वळले. झगा अंगाखाली पिळला गेला. पाठीवरची मधली नाडी ताणली, टेपवर आवळली आणि पिन माझ्या कुशीवरून खाडकन निघाली. लागलं नाही, पण मी ओरडले.

"त्यानं ओढली न्हाई," नागव्वा म्हणाली. "समदे म्हन्ले, तुझ्या पोरानंच नळी ओढली. त्यो निस्ता वळला."

तिनं माझ्या पाठीवरची आवळलेली नाडी सोडली.

तिला खोलीतच बसवून मी तो झगा अंगावर घेऊन तशीच डॉक्टरसाहेबांकडं गेले. ते चहा पीत होते. मी त्यांच्या तपासायच्या टेबलावर आडवी झाले आणि म्हणाले, "साहेब, टेप लावा. पाठीतून काढा. आता बघा." आणि वळले. मग त्यांच्या टेबलावरचा, नागव्वानं शिवलेला झगा चढवला, टेप कुशीच्या कापातून काढला आणि दोन्ही बाजूंनी वळून दाखवलं. टेप हलला नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"शरणूच्या आईनं."

त्यांनी कपाटातून शरणूचा केसपेपर काढला. एका ओळीवर बोट ठेवलं. मला दाखवला नाही, पण त्यात काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं: पेशंटनं स्वतः नळी ओढली. शेवटी म्हणाले, "मीच लिहिलंय हे. ड्युटीवरच्यांनी सांगितलं, मी लिहिलं. बघितलं नाही."

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर नागव्वा, सिस्टर आणि मी रुक्मिणच्या खाटेजवळ गेलो. शेवंताबाई लांब उभी राहिली. रुक्मिणनं पांढरं लुगडं पाहिलं आणि खाटेच्या कडेला सरकली.

"हात लाव," नागव्वानं तिच्यापुढं मनगट धरलं. "गरम हाय का न्हाई बघ."

रुक्मिणनं आधी नुसतं बोट टेकवलं. मग मनगट धरलं.

"तुमीच शिवलं?"

"व्हय."

"मला न्यायला आल्या न्हाई ना?"

"मी माझ्या पोराला घरी नेलं नसतं का आधी," नागव्वा म्हणाली. "मला कुनाला नेता येत न्हाई. मला निस्तं शिवता येतं."

रुक्मिणचा नवरा पायथ्याशी उभा होता. तो मला म्हणाला, "बाई, तुमी सांगा. करावं का?"

मी म्हणाले, "करा." त्याच्याहून जास्त मला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टँकर दहाला आला आणि ऑपरेशन झालं. थिएटरमधून बाहेर आणल्यावर नागव्वानं स्वतः झग्याच्या चारही नाड्या बांधल्या, फास नाही, सुटी गाठ. बारा दिवस नळी जागेवर राहिली. रुक्मिण दोन्ही कुशींवर झोपली. घरी जाताना झगा परत द्यायला तयार नव्हती, सिस्टरनी काढून घेतला.

नळी काढली त्याच दिवशी डॉक्टरसाहेब मागच्या शेडमध्ये गेले. ते तिथं कधी गेले नव्हते. धुरात उभे राहिले, बूट राखेत. मी सोबत होते.

"तुमच्या मुलानं नळी ओढली नव्हती," ते म्हणाले. "आमच्या झग्यानं निघाली. मी कागद बदललाय."

नागव्वा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमाला कळलं, बरं झालं."

ती पुढं तीन आठवडे माझ्या खोलीत बसून होती. मी मशिनवर कूस शिवायची, ती हातानं काप करायची. काजाच्या कडेला लागणारी मऊ पट्टी ती स्वतःच्या जुन्या लुगड्याची काढायची, मी नवं कापड दिलं तर घ्यायची नाही. म्हणायची, नवं कापड जखमेला घासतं. साठही झगे झाले. शेवटचा झाल्यावर उदगीरकडून तिचा भाऊ आला आणि घेऊन गेला. मी पत्ता विचारला नाही. तेव्हा सुचलं नाही, नंतर फार वाटलं.

मुंबईच्या ऑफिसानं नमुना बदलला नाही. त्यांच्या कागदावर आमचे सगळे झगे शेवटपर्यंत "दुरुस्ती" या सदरात होते. गच्चीवर भूत नव्हतं, हे शेवंताबाईलाही मी कधी पटवून देऊ शकले नाही. ती म्हणायची, नागव्वा गेल्यावरही गच्चीवर पावलं वाजतात. मी एकदोनदा ऐकली, धोब्याची असावीत. वर जाऊन पाहिलं नाही.

पुढं नांदेडला मुलींना शिवण शिकवायला लागले. दवाखान्याचे कपडे हा विषय आला की मी आधी फळ्यावर काही काढत नाही. एका मुलीला झगा घालायला लावते, टेबलावर आडवी करते आणि दुसरीला म्हणते, हिला कुशीवर वळव. मुली हसतात. मग गाठ कुठं जाते ते बघतात आणि वहीत लिहितात. उभ्या माणसाच्या मापानं कापलेला कपडा उभ्या माणसालाच होतो. दवाखान्यात लोक झोपून असतात.